ठाण क्रमांक दहा लाख तीन

दहा लाखावं ठाण निघालं तेव्हा
गिरणीत पेढे वाटले,
मॅनेजरनं हार घातला, मागाला.
त्यानंतर तीनच ठाणं.
मग एका सकाळी भोंगा वाजला नाही
आणि हजिऱ्यापर्यंतची माणसं
घड्याळाकडे बघत राहिली.

बाबा काठावर शिक्का मारायचे, निळ्या शाईचा.
दर ठाणाला आकडा एकानं पुढे.
शेवटचा त्यांच्या अंगठ्याला लागून घरी आला:
१०००००३.

ग्वाल्हेरचा जानेवारी. दौलतगंजातली खोली,
धुक्यानं खिडकी पुसून टाकलेली.
गजकेच्या डब्याचे पुठ्ठे उलटे करून
बाबा म्हणाले, "बघू, हा कशानं तुटतो."
मी अकरा वर्षांची. बाकी लिहायचं काम माझं.

दोनानं नाही. तिनानं नाही.
पाचाचा प्रश्नच नव्हता.
सातानं भागलं, चार उरले.
अकरानं, चार. तेरानं, चार.
सदतिसानंही चारच आले तेव्हा
मी पेन्सिल ठेवली. बाबा चुकतायत.
ते म्हणाले, "सहा नऊ ओळीनं मांड.
त्या पंगतीत हे चौघेही पोटभर जेवलेत.
आपला आकडा तिच्याहून चारानं मोठा.
चार उरणारच."
गणितात पंगत असते हे मला शाळेनं सांगितलं नव्हतं.

रोज पाच-सहा भागाकार. वीज गेली की कंदील.
एकशे एकला फक्त दोन उरले.
पुढे कितीतरी रात्रींनी, सातशे सत्तावन्नला,
खाली त्रेसष्ट उतरवून घेतले, सातशे त्रेसष्ट झाले,
वजा सातशे सत्तावन्न,
आणि बाबांचा हात तिथेच थांबला.
सहा.
"वाचला," ते म्हणाले. कोण, ते मी विचारलं नाही.

"हजारापाशी थांबायचं," ते म्हणायचे.
"याला भागणारा कुणी हजारावर लपला असेल
तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत असणार.
तो एव्हाना भेटला असता."

आई त्याच दिवसांत ठाण फाडत होती.
थकलेल्या पगारापोटी मिळालेलं, हेच, शेवटचं.
दोन चादरी, उशांचे अभ्रे,
रामसनेही कुशवाहांच्या सुनेला बाळंतपणाची धडोती,
उरलेल्याच्या पिशव्या.
चर्र आवाज यायचा, आम्ही भागत असायचो.
शिक्क्याचा तुकडा माझ्या डब्याला आला.
वरणाचा डाग पडून तीन आधी गेला,
मग एकेक शून्य.

नऊशे सत्त्याण्णव. बाकी बारा.
हजाराच्या आत आता कुणी राहिलं नव्हतं.

रामसनेहीकाका शेगडीशी हात शेकत बसलेले.
पुठ्ठ्यांची चळत बघून म्हणाले,
"तो इससे हुआ क्या, मोघेबाबू?"
बाबांना लगेच उत्तर आलं नाही.
तुटणाऱ्या आकड्याचं बरं असतं,
दोन तुकडे समोर टाकले की झाला पुरावा.
मूळ संख्येला दाखवायला काहीच नसतं.
एकशे अडुसष्ट वेळा नाही,
प्रत्येक नाहीची बाकी शेजारी लिहिलेली,
आणि अकरा वर्षांच्या मुलीचं अक्षर.
"दहा लाखात काय होतं?" बाबा अखेर म्हणाले.
"दोन आणि पाच. सहा-सहा वेळा. बस.
आणि पेढे त्याला."

आता फोनवर आकडा टाकते,
डोळा लवायच्या आत तो सांगतो, मूळ आहे.
खरंच सांगतो. पण त्याला सातशे सत्तावन्नला
थांबावं लागत नाही.

पुठ्ठ्यांच्या तळाशी एक वेगळा सापडला,
बाबांच्या अक्षरात, तारीख मला आठवत नाही.
पुढच्या आकड्यांची यादी, एकेकावर काट.
चार ते बत्तीस, एकोणतीस ठाणं,
प्रत्येकाशेजारी त्याला तोडणारा.
शेवटी १००००३३, त्याच्यावर काट नाही.
खाली इतकंच:
अजून तीस ठाणं.
महिनाभराचंही सूत लागलं नसतं.